दुष्काळाची आठवण कोणाच्या नावावर?

'दुष्काळात तेरावा महिना' ही म्हण ज्याच्या तोंडी नाही असा मराठी माणूस विरळा. घरात साखर संपावी आणि त्याच वेळी चार पाहुणे यावेत, एवढ्या कारणानेही आपण ती हसत हसत उच्चारतो. बारा महिने कसेबसे ढकलीत आणलेल्या घरापुढे अधिक मासाच्या रूपाने आणखी एक महिना येऊन उभा राहावा आणि कणगीचा तळ तर केव्हाच खरवडून झालेला असावा, हा या म्हणीचा मूळ अर्थ होय. हा अर्थ आज आपल्याला जाणवत नाही. भाषेने आठवण जपली, परंतु त्या आठवणीतील माणूस मात्र वाटेत कोठेतरी गळून पडला. मराठी वाङ्मयात आणि लोकांच्या बोलण्यात दुष्काळाची आठवण कोणत्या रूपाने राहिली, ती कोणाच्या नावाने राहिली आणि कोणाचे नाव तिच्यातून पुसले गेले, याचा थोडा विचार करावा, असे आम्ही योजिले आहे.

या विचाराचा आरंभ आम्ही मुंबईतील वडाळ्यापासून करीत आहो, याचे कित्येकांस नवल वाटेल. वडाळ्यास शेत नाही, आणि दुष्काळ पडतो तो शिवारात. परंतु दुष्काळाने उठलेली माणसे जाऊन थांबतात ती शहरात. म्हणून दुष्काळाची आठवण शोधावयाची ती गावात जितकी, तितकीच शहरातही शोधली पाहिजे. वडाळ्याच्या नावाशी निगडित असलेल्या तीन गोष्टी प्रसिद्ध आहेत. पहिली, येथील विठ्ठलमंदिर. त्यास लोक प्रतिपंढरपूर म्हणतात आणि आषाढी एकादशीस तेथे दर्शनासाठी मोठी रांग लागते. दुसरी, १९३० सालचा मिठाचा सत्याग्रह. त्या वर्षी येथील मिठागरांवर हजारो सत्याग्रही चालून गेले आणि त्यांनी लाठ्या झेलल्या. तिसरी, ॲकवर्थसाहेबांच्या नावाने चालत आलेले कुष्ठरोग्यांचे रुग्णालय. या तिन्ही गोष्टी वडाळ्याच्या माहितीत सापडतात. परंतु घाटावरून आणि देशावरून उपासमारीने बाहेर पडून जी कुटुंबे गोदीच्या, गिरणीच्या व रेल्वेच्या आश्रयाने या भागात आणि आसपासच्या परळ-नायगावात राहिली, त्यांची आठवण कोणत्याही पाटीवर नाही. ती घरातल्या म्हाताऱ्यांपाशी आहे. आणि म्हातारी माणसे ती सहसा बोलून दाखवीत नाहीत.

ती का बोलत नाहीत, याचे उत्तर आमच्या मते विठ्ठलाच्याच एका कथेत आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा कीर्तनातून ऐकली नाही असे मराठी घर पूर्वी क्वचितच असे. पंधराव्या शतकात दुष्काळ पडला. दामाजी हे बेदरच्या बादशहाचे अंमलदार. सरकारी कोठारे धान्याने भरलेली आणि दारात उपाशी माणसे. दामाजींनी कोठारे उघडली. हाताखालच्या अधिकाऱ्याने बादशहाकडे चहाडी केली. दामाजींस धरून नेण्यास शिपाई आले. तोच प्रत्यक्ष विठ्ठल महाराचे रूप घेऊन बेदरच्या दरबारात गेला, धान्याची सगळी किंमत भरून पावती घेऊन आला. महिपतीने १७६२ साली रचलेल्या 'भक्तविजया'त ही कथा आली आणि तेथून ती घरोघर पोहोचली.

कथा सुंदर आहे यात शंका नाही. राजाज्ञेपेक्षा भूक मोठी, हे तत्त्व इतक्या रोखठोकपणे सांगणारी दुसरी कथा आपल्याकडे सहज सापडणार नाही. पण तिच्याकडे जरा टीकेच्या दृष्टीने पाहावे. या कथेत नावे कोणाची आहेत? दामाजींचे आहे, विठू महाराचे आहे, बेदरच्या बादशहाचे आहे. ज्यांच्यासाठी हे सारे घडले त्या उपाशी माणसांपैकी एकाचेही नाव श्रोत्याच्या ध्यानात राहत नाही. ती कोठाराच्या दारापर्यंत येतात, धान्य घेतात आणि कथेतून निघून जातात. त्यानंतरची सारी चिंता एकच: दाता वाचेल की नाही? अखेरीस देव धावून येतो तो दात्यासाठी. कथेच्या शेवटी हाती राहणारा कागद म्हणजे पावती, आणि पावतीवर नाव दामाजींचे. तिसरी गोष्ट याहून मार्मिक आहे. देवाने रूप घेतले ते महाराचे, हे सांगताना श्रोत्यांचे डोळे पाणावतात. पण मंगळवेढ्याच्या महारवाड्यात त्या वर्षी खऱ्या महारांची काय गत झाली असेल, हे विचारण्याचे सुचत नाही. ज्या मंगळवेढ्यात गावकुसाचे बांधकाम अंगावर कोसळून चोखोबा गेले, त्याच मंगळवेढ्याची ही कथा आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे ही उणीव अधिकच बोचते.

हे मराठी मनाचेच वैगुण्य आहे असे मात्र कोणी समजू नये. आयर्लंडात १८४५ नंतरच्या काही वर्षांत बटाट्याच्या पिकावर रोग पडून जो भयंकर दुष्काळ झाला, त्यात सुमारे दहा लक्ष माणसे मेली आणि तितकीच किंवा त्याहून अधिक देश सोडून गेली. त्या देशाच्या लोककथा-मंडळाने शंभर वर्षांनी, १९४५ साली, एक प्रश्नपत्रिका काढून खेड्यापाड्यांतून या दुष्काळाच्या आठवणी लिहून घेतल्या. त्या संग्रहात दोन गोष्टी वारंवार आढळतात. एक, स्वतःचे थोडे पीठ भुकेल्यास देऊन टाकणारी बाई आणि तिचे रिकामे भांडे देवाच्या कृपेने पुन्हा भरलेले. ही आपल्या दामाजीचीच बहीण होय. दुसरी, 'आमच्या घरात तसे काही झाले नाही. पलीकडच्या गावात मात्र माणसे मेली' असे सांगण्याची रीत. उपासमार आठवते, पण ती दुसऱ्याची आठवते. याचे कारण उघड आहे. अन्न देण्यात पुण्य आहे, म्हणून दात्याचे वंशज ते अभिमानाने सांगतात. अन्नासाठी हात पसरण्यात लाज आहे, म्हणून घेणाऱ्याचे वंशज ते लपवितात. जे मेले त्यांचे तर सांगणारेच उरले नाहीत. अशा रीतीने दुष्काळाचा इतिहास दात्यांच्या नावावर जमा होतो, आणि भूक बेवारस राहते.

या नियमाला मराठीत एक थोर अपवाद आहे, आणि तो साडेतीनशे वर्षांहून जुना आहे. १६३० ते १६३२ या वर्षांच्या दुष्काळाने गुजरात व दख्खन उजाड झाले. सुरतेहून आग्र्याकडे जाताना पीटर मुंडी या इंग्रज प्रवाशाने वाटेवरच्या प्रेतांचे वर्णन करून ठेविले आहे. तो पाहणारा होता. देहूचे तुकोबा भोगणारे होते. त्यांनी आपल्या आत्मनिवेदनपर अभंगात पैसा गेल्याचे, मान गेल्याचे, पत्नी अन्नावाचून गेल्याचे आणि या सर्वांची लाज वाटल्याचे सरळ सांगितले. येथे दुसऱ्या गावाचा आडोसा नाही. 'आमच्याकडे तसे झाले नाही' ही सोय नाही. दारात उपाशी माणूस मरणे ही जी सर्वांत लपविण्याजोगी गोष्ट, तीच या वाण्याने स्वतःच्या नावाची मुद्रा घालून उघड केली. तुकोबांच्या वैराग्याची चर्चा आपल्याकडे अमाप झाली आहे. परंतु दुष्काळाची आठवण प्रथमपुरुषी सांगणारा आद्य मराठी साक्षीदार या नात्याने त्यांच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. हा अभंग आपण पाठ केला, पण त्यातून वैराग्य तेवढे घेतले आणि भूक वगळली.

तुकोबांचा हा कित्ता पुढे का गिरविला गेला नाही? आमच्या मते याचे एक कारण वाङ्मयप्रकारांतच आहे. बायकांचे सुखदुःख ज्या ओवीत साठले, ती ओवी जात्यावरची. जाते फिरावयाचे तर दाणा हवा. ज्या वर्षी दळण नाही, त्या वर्षी जाते मुके, आणि जाते मुके तर ओवीही मुकी. सासर, माहेर, भाऊ, विठोबा यांविषयी हजारो ओव्या रचणारी बाई भुकेच्या ऐन दिवसांत जात्यावर बसतच नव्हती, हे लक्षात घेतले म्हणजे हे मौन समजू लागते. पोवाड्याची गोष्ट आणखी निराळी. वडाळ्याचे रुग्णालय ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते हॅरी ॲकवर्थ हे मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर. १८९० साली बेघर कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला. याच गृहस्थांनी शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह १८९१ साली मराठी पोवाड्यांचा पहिला मोठा संग्रह छापून काढला, हे पुष्कळांस ठाऊक नसते. या संग्रहाचे नाव पाहावे: 'इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे'. पोवाड्यात शिरण्याची अटच मुळी इतिहासप्रसिद्ध असण्याची! ज्या साहेबाने रस्त्यावरच्या निराश्रितांना छप्पर मिळवून दिले, त्याच्या संग्रहाच्या मुखपृष्ठावरही निराश्रितांना जागा नव्हती. हा दोष त्याचा नव्हे. शाहिराला बिदागी देणारा इतिहासप्रसिद्धच असावयाचा.

संग्रह निघाला त्याच्या अवघ्या पंधरा वर्षे आधी, १८७६ ते १८७८ या काळात, दख्खनेत एक मोठा दुष्काळ होऊन गेला होता. तेव्हाची परिस्थिती कागदोपत्री पुष्कळ सापडते. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. जोतीराव फुले व त्यांच्या सत्यशोधक मंडळींनी १८७७ साली धनकवडीस उपाशी मुलांसाठी बालाश्रम काढला. सावित्रीबाईंनी २० एप्रिल १८७७ रोजी ओतूरहून जोतीरावांस लिहिलेल्या पत्रात जनावरे पटापट पडत असल्याचे आणि माणसे गाव टाकून परागंदा होत असल्याचे कळविले. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाच्या मुळाशीही या दुष्काळाचे दर्शन होते. या सर्वांची नावे आपण आदराने घेतो, आणि ती घेतलीच पाहिजेत. परंतु याच दुष्काळात आणखी एक गोष्ट घडली. सर रिचर्ड टेंपल यांच्या काटकसरीच्या धोरणाने दुष्काळी कामावरील मजुरी घटविण्यात आली. मद्रास इलाख्यात तर दिवसास एक पौंड धान्य व एक आणा एवढ्यावर ती आणली गेली. मुंबई इलाख्यातही मजुरी कमी होताच जानेवारी १८७७ मध्ये हजारो मजुरांनी कामे सोडून दिली. पोटात अन्न नसताना, समोर दुसरा आधार नसताना, 'एवढ्या मजुरीवर राबणार नाही' असे म्हणून ही माणसे उठून गेली. मुंबईत गिरण्यांचे मोठे संप झाले ते पुढे. हा संप त्याआधीचा, आणि भुकेल्यांचा. त्याचा पोवाडा आमच्या ऐकण्यात नाही. त्या मजुरांपैकी कोणाचे नाव आपणांस सांगता येत नाही. उपकार करणाऱ्याची कथा झाली. हक्क सांगणाऱ्याची झाली नाही.

ही उणीव भरून काढण्याचे काम विसाव्या शतकात कादंबरी व लघुकथा यांनी काही प्रमाणात केले. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'चा शेवट दुष्काळात होतो. पाऊस नाही, चारा नाही. धनगर मेंढरे घेऊन निघून जातात आणि मास्तराची शाळा ओस पडते. या कादंबरीचे मोठेपण तिच्या संयमात आहे. लेखक कोठेही गळा काढीत नाही. एकेक घर मिटत जाते एवढेच दाखवितो. परंतु आपण मास्तरासह मागे राहतो. गेलेली माणसे कोठे गेली, त्यांचे पुढे काय झाले, हे त्या पुस्तकाच्या कक्षेत येत नाही. ती कोठे गेली हे सांगितले अण्णाभाऊ साठे यांनी. 'फकिरा' या १९५९ सालच्या कादंबरीत उपाशी माणूस कोठाराच्या दारात दामाजीची वाट पाहत उभा राहत नाही. आपली माणसे मरू लागली हे पाहून फकिरा धान्य व खजिना लुटतो आणि वाटून टाकतो. दामाजीच्या कथेला दिलेले हे खणखणीत उत्तर आहे, मग लेखकाच्या मनात ते असो वा नसो. 'स्मशानातील सोनं' या कथेत तर वारणाकाठचा भीमा पोटासाठी मुंबईच्या उपनगरात येतो, खाणीतले काम सुटते, आणि तो पुरलेल्या प्रेतांवरचे सोने उकरू लागतो. वारणाकाठची भूक मुंबईत आली म्हणजे तिचे रूप कसे पालटते, हे दाखविणारी याहून भेदक मराठी कथा आम्हांस ठाऊक नाही. तथापि फकिरा झाला तरी पुन्हा वीरच. त्याच्यात पोवाड्याचा अंश आहे. ज्याने लुटले नाही, दिलेही नाही, जो नुसता जगला, त्याची कथा अजून सांगावयाची राहिलीच आहे.

ती कथा सांगण्याची संधी आपणांस एका दुष्काळाने दिली आहे. १९७२-७३ चा, लोकांच्या तोंडी 'बहात्तरचा' दुष्काळ हा हयात माणसांच्या आठवणीतला आहे. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात सुमारे ५० लक्ष माणसे दुष्काळी कामांवर होती. पाझर तलाव, बांध, रस्ते यांसाठी बायकांनी पाट्या वाहिल्या आणि दिवसभर खडी फोडली. पूर्वीच्या दुष्काळांसारखे मृत्यूचे थैमान या वेळी झाले नाही, आणि याचे मोठे श्रेय या कामांकडे जाते. वि. स. पागे यांनी पुरस्कारिलेल्या रोजगार हमीच्या कल्पनेस पुढे १९७७ साली कायद्याचे रूप आले. काम मागणे हा हक्क ठरला. या दुष्काळाने भाषेस काही शब्द दिले: सुकडी, मिलो, खडी, मस्टर. लाल मिलो ज्वारीच्या भाकरीची चव ज्याने चाखली तो ती अजून विसरलेला नाही. पण या चार शब्दांत आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो तो 'मस्टर'. मस्टर म्हणजे कामावर आलेल्यांच्या हजेरीचा कागद. दामाजीच्या कथेतील पावतीवर दात्याचे नाव होते. मस्टरवर मजुराचे नाव आले, आणि त्यापुढे तिचा किंवा त्याचा अंगठा. त्या मस्टरांत खोटी नावे घुसडली गेल्याच्या तक्रारीही झाल्या, हे आम्ही विसरत नाही. तरीदेखील उपाशी माणूस दयेचा विषय न राहता हजेरीचा धनी झाला, हा पालट लहान नव्हे. मराठी वाङ्मयाने मात्र या पालटाची अजून पुरती दखल घेतलेली नाही. दामाजी कीर्तनात आहे. मस्टर कोठेच नाही.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की, भूक विसरणे ही देवाची दयाच आहे. म्हाताऱ्या माणसांच्या जखमेवरची खपली कशासाठी काढावी? मुलानातवंडांनी खाऊन-पिऊन सुखी व्हावे म्हणूनच तर त्या पिढीने तोंड मिटून घेतले. या आक्षेपात तथ्य आहे, आणि ज्यास बोलावयाचे नाही त्यास बोलविणे हा क्रूरपणा होईल, हेही आम्ही मानतो. परंतु बोलू न देणे आणि न बोलणे यांत अंतर आहे. ताटात टाकलेली अर्धी भाकर पाहून आजी चिडते, तेव्हा घरातील मंडळी 'जुनी माणसे कंजूष असतात' असे म्हणून मोकळी होतात. तिचे चिडणे ही आठवणच असते, परंतु तिला श्रोता नसतो. लाजेने गप्प बसलेल्या माणसास 'ही लाज तुमची नव्हे' एवढे कोणी तरी सांगावयास हवे, आणि ते सांगणे हे वाङ्मयाचे काम आहे. तुकोबांनी ते स्वतःपुरते केले. ज्या समाजाला केवळ आपले दाते आठवतात, तो पुढच्या संकटात पुन्हा दात्याचीच वाट पाहत बसतो. ज्याला आपली भूक आठवते तो कोठाराचा हिशेब विचारतो.

आयर्लंडाने आपल्या आठवणी लिहून घेतल्या तेव्हा शंभर वर्षे उलटली होती. ज्यांनी भूक भोगली त्यांपैकी जवळजवळ कोणी उरले नव्हते, आणि संग्राहकांच्या हाती नातवंडांनी ऐकलेले तेवढे लागले. आपली स्थिती त्याहून बरी आहे. १९७२ साली जी वीस वर्षांची होती ती आज सत्तरीच्या पुढे गेली आहेत, पण आहेत. मराठवाड्यातून, माणदेशातून, नगर-सोलापुराकडून त्या वर्षी किंवा त्यानंतर मुंबईस आलेली कित्येक माणसे परळ, नायगाव, वडाळा या भागांतल्या चाळींत व वसाहतींत अजून नांदत आहेत. वडाळ्याच्या मंदिरात आषाढीस जी रांग लागते, तिच्यातही अशी माणसे असणार. शाळा-महाविद्यालयांनी, वाचनालयांनी आणि त्याहीपेक्षा ज्या घरांत हे मासिक वाचले जाते त्या घरांनी त्यांना आदराने विचारावे: कोणत्या कामावर होता, हजेरी काय मिळे, सुकडी कोण वाटीत असे, मागे कोण राहिले, गाव सोडताना दाराला कुलूप लावले की नाही? उत्तरे त्यांच्याच शब्दांत, त्यांची परवानगी असेल तर त्यांच्याच नावाने, लिहून ठेवावीत. या लिखाणाला अलंकार नकोत, आणि टीकाकाराची शिफारसही नको. दामाजींची पावती विठोबाने आणून दिली, ती पाच शतके टिकली. मस्टरवरच्या नावांसाठी कोणी देव बेदरला जाणार नाही. ती नावे आपल्यालाच लिहून घ्यावी लागतील, आणि लिहून देणारी माणसे अजून आपल्या घरांत आहेत.